प्लास्टिकला सोसेल एवढ्याच उष्णतेत : लवचीक पेरोव्स्काइट सौर सेलची घडण

छपरावर बसवायचे सौर पॅनल उचलायला सहसा दोन माणसे लागतात. काच आणि ॲल्युमिनियमची चौकट धरून त्याचे वजन चौरस मीटरमागे साधारण 11 किलो भरते. प्रत्यक्ष वीज तयार करणारा सिलिकॉनचा पापुद्रा मात्र जेमतेम दीडशे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याएवढा जाड असतो. बाकीचे जवळजवळ सगळे वजन या ठिसूळ पापुद्र्याला सांभाळण्यासाठी असते. त्यामुळे लहान कारखान्यांच्या शेडवरचे पातळ पत्रे, गोलाकार छपरे, तंबू, वाहनांचे टप, जुन्या इमारतींच्या भिंती अशा पुष्कळ जागा दिवसभर उन्हात असूनही विजेच्या कामी येत नाहीत.

वजनाने हलका आणि गुंडाळता येणारा सेल प्लास्टिकच्या फिल्मवर करावा, हा विचार जुनाच आहे. पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थांमुळे तो आवाक्यात आला. या पदार्थाचा अर्धा मायक्रॉन जाडीचा थर सूर्यप्रकाश शोषायला पुरतो आणि तो द्रावणातून शंभर अंशांच्या आसपास तयार होतो. (या लेखातील सर्व तापमाने सेल्सिअसमध्ये आहेत.) एवढे असूनही काचेवरचे पेरोव्स्काइट सेल झपाट्याने सुधारत असताना प्लास्टिकवरचे सेल सुरुवातीला बरेच मागे राहिले. अडचण पेरोव्स्काइटमध्ये कमी आणि त्याच्या शेजारच्या थरांत जास्त होती. त्यांपैकी एका थराला 500 अंशांची भट्टी लागत असे. प्लास्टिक मात्र 150 अंशांनाच आकार सोडू लागते.

पेरोव्स्काइट म्हणजे काय?

1839 साली जर्मन खनिजशास्त्रज्ञ गुस्ताव्ह रोझे यांना उरल पर्वतातून आलेल्या नमुन्यांत कॅल्शियम टायटनेटचे एक नवे खनिज आढळले. रशियातील खनिज-अभ्यासक लेव्ह पेरोव्स्की यांच्या नावावरून त्याला पेरोव्स्काइट म्हटले गेले. पुढे अणूंची तशीच मांडणी असलेल्या सगळ्याच पदार्थांना हे नाव मिळाले. सौर सेलमधल्या पेरोव्स्काइटमध्ये कॅल्शियमही नसते आणि टायटॅनियमही नसते. त्यात शिशाचा एक अणू मध्यभागी आणि त्याच्याभोवती सहा बाजूंना आयोडीन अशी अष्टफलके असतात. ती कोपऱ्याला कोपरा जुळवून तिन्ही दिशांना पसरतात. त्यांच्यामधल्या पोकळ्यांत मिथिलअमोनियम, फॉर्मअमिडिनियम किंवा सिझियम यांचे धनभारित आयन बसतात. शिशाच्या जागी कथील आणि आयोडीनच्या जागी थोडे ब्रोमीन घालून पदार्थाचे गुण हवे तसे बदलता येतात.

या रचनेचे दोन गुण महत्त्वाचे आहेत. पहिला गुण म्हणजे प्रकाश शोषण्याची प्रचंड क्षमता. सिलिकॉनला जे काम करायला शंभराहून अधिक मायक्रॉन लागतात, ते पेरोव्स्काइट अर्ध्या मायक्रॉनमध्ये करते. दुसरा गुण म्हणजे दोष खपवून घेण्याची वृत्ती. सिलिकॉनच्या स्फटिकात थोडी अशुद्धी राहिली तरी इलेक्ट्रॉन तिथे अडकून वाया जातात. म्हणून त्याला 1,414 अंशांना वितळवून अतिशय शुद्ध आणि सलग स्फटिक काढावा लागतो. पेरोव्स्काइटमध्ये काही अणू जागेवर नसले तरी इलेक्ट्रॉन बरेचदा निभावून पुढे जातात. त्याचे आयन एकमेकांना फार घट्ट धरून नसतात, त्यामुळे थोड्या उष्णतेतही ते आपापल्या जागी सरकतात आणि स्फटिक जुळून येतो. हाच सैलपणा पुढे टिकाऊपणाच्या आड येतो.

सौर सेलमध्ये हा पदार्थ पहिल्यांदा वापरला तो जपानमध्ये. योकोहामाच्या तोइन विद्यापीठातील त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने 2009 साली 3.8 टक्के कार्यक्षमता नोंदवली. म्हणजे सेलवर पडलेल्या प्रकाश-ऊर्जेपैकी तेवढ्याच भागाची वीज झाली. त्या सेलमध्ये द्रवरूप विद्युत-अपघटनी होते आणि पेरोव्स्काइट त्यात लवकर विरघळून जाई. 2012 मध्ये द्रवाऐवजी घन थर वापरले गेले. कोरियातील नाम-ग्यू पार्क आणि स्वित्झर्लंडमधील मायकेल ग्रेट्झेल यांचा गट, तसेच ऑक्सफर्डमधील हेन्री स्नेथ यांचा गट 10 टक्क्यांच्या आसपास पोहोचले. आज काचेवरच्या लहान सेलची प्रमाणित कार्यक्षमता 26 टक्क्यांच्या वर आहे.

सेलमधले थर आणि त्यांची कामे

सेलमध्ये आधार धरून एकावर एक सहा मुख्य थर असतात. तळाशी काच किंवा प्लास्टिक हा आधार असतो. त्यावर पारदर्शक आणि वीजवाहक असा इंडियम टिन ऑक्साइडचा थर असतो. त्यावर इलेक्ट्रॉन वाहून नेणारा थर, मग पेरोव्स्काइट, मग होल वाहून नेणारा थर आणि सगळ्यात वर धातूचा किंवा कार्बनचा संपर्क-थर येतो.

प्रकाश पेरोव्स्काइटमध्ये शोषला गेला की एक इलेक्ट्रॉन जागचा उठतो आणि त्याची रिकामी जागा मागे राहते. या रिकाम्या जागेला होल म्हणतात आणि ती धनभारासारखी वागते. दोघे पुन्हा एकत्र आले, तर मिळालेली ऊर्जा उष्णता किंवा प्रकाश होऊन निघून जाते. ते वेगवेगळ्या दिशांना गेले, तरच बाहेरच्या तारेत वीज वाहते. इलेक्ट्रॉन-वाहक थर इलेक्ट्रॉनला वाट देतो आणि होलला अडवतो. होल-वाहक थर याच्या उलट वागतो. हे दोन्ही थर काही दहा नॅनोमीटर जाडीचे, सलग आणि छिद्र नसलेले असावे लागतात. एखादे छिद्र राहिले तर पेरोव्स्काइट थेट खालच्या वीजवाहक थराला चिकटते, वीज आतल्या आत निसटते आणि सेलचा विद्युतदाब घसरतो.

प्लास्टिकला काय सोसत नाही?

लवचीक सेलसाठी प्रामुख्याने दोन फिल्म वापरल्या जातात. एक पेट, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक. दुसरी पेन, म्हणजे त्याच कुळातील थोडे अधिक उष्णता सोसणारे प्लास्टिक. पेट 70 ते 80 अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागते, तर पेन 120 अंशांच्या आसपास. प्रत्यक्ष कामात साध्या पेटला 120 आणि पेनला 150 अंशांपलीकडे नेणे धोक्याचे ठरते. पॉलिइमाइड नावाचे प्लास्टिक 300 अंशही सोसते, पण त्याचा नेहमीचा प्रकार पिवळसर तपकिरी असतो आणि प्रकाशाचा निळा भाग आधीच गिळून टाकतो.

फिल्म वितळण्याच्या कितीतरी आधी नुकसान होऊन चुकलेले असते. कारखान्यात पेटची फिल्म दोन्ही दिशांना ओढून तयार करतात. तापवल्यावर ती ओढ सुटते आणि फिल्म आकसते. साधी पेट फिल्म 150 अंशांना अर्धा तास ठेवली तर ती सुमारे 1 टक्का आकसते. आकडा लहान वाटतो, पण 30 सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीत हा फरक 3 मिलिमीटर होतो. मोठ्या पॅनलमध्ये शेजारशेजारच्या सेलना वेगळे करणाऱ्या आणि पुन्हा जोडणाऱ्या रेषा लेसरने कोरतात. त्या मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या किंवा त्याहूनही बारीक असतात. मधल्या एखाद्या थराला भाजताना फिल्म 3 मिलिमीटर आकसली, तर पुढची रेषा भलत्याच ठिकाणी पडते. शिवाय आकसणाऱ्या फिल्मवरचा इंडियम टिन ऑक्साइडचा ठिसूळ थर सुरकुततो आणि तडकतो.

उष्णतेची तीन कामे

तापमान नुसते कमी केले तर सेल बिघडतो, कारण उष्णता तिथे नेमकी कामे करत असते. पहिले काम नको असलेले पदार्थ घालवण्याचे. द्रावक उडून जातात, बांधून ठेवणारे सेंद्रिय पदार्थ जळून जातात. दुसरे काम अणूंना नीट रांगेत बसवण्याचे, म्हणजे स्फटिक जुळवण्याचे. तिसरे काम वेगवेगळे कण एकमेकांना आणि खालच्या थराला घट्ट जोडण्याचे.

कमी तापमानाच्या प्रक्रियेचे सारे शास्त्र या तीन कामांभोवती फिरते. प्रत्येक थराला यांपैकी कोणते काम उष्णतेकडून हवे आहे, हे आधी ओळखायचे. मग तेच काम रसायन, प्रकाश किंवा निर्वात यांच्याकडून करून घ्यायचे. लवचीक सेलची प्रगती अशी थराथराने झाली आहे.

पहिली सुटका : इलेक्ट्रॉन-वाहक थर

सुरुवातीच्या सेलमध्ये इलेक्ट्रॉन वाहून नेण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड वापरत. त्याचा लगदा पसरून 450 ते 500 अंशांना भाजत. तेवढ्या उष्णतेत लगद्यातले सेंद्रिय पदार्थ जळत, योग्य प्रकारचे स्फटिक तयार होत आणि कण जुळत. तिन्ही कामे एकाच भट्टीत होत असल्याने काचेवर ही पद्धत सोयीची होती. प्लास्टिकवर ती अशक्य होती.

यावर सुचलेली मुख्य युक्ती सोपी होती : स्फटिक आधीच बाटलीत तयार करायचे. रासायनिक क्रियेने काही नॅनोमीटर आकाराचे पक्के स्फटिक द्रवातच घडवले, की फिल्मवर ते फक्त पसरून वाळवायचे उरते. उष्णतेचे दुसरे काम फिल्मपासून दूर, आधीच उरकलेले असते.

झिंक ऑक्साइड या कामी पहिल्यांदा पुढे आले. 2013 मध्ये सिंगापूरच्या नानयांग टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत सुबोध म्हैसाळकर यांच्यासह काम करणाऱ्या गटाने कमी तापमानात वाढवलेल्या झिंक ऑक्साइडच्या सूक्ष्म दांड्यांवर सेल केले. काचेवर 8.9 टक्के आणि प्लास्टिकवर 2.62 टक्के कार्यक्षमता मिळाली. 2014 मध्ये कॅनडातील सस्कॅचेवान विद्यापीठाच्या डियान्यी लिउ आणि टिमथी केली यांनी झिंक ऑक्साइडचे नॅनोकण खोलीच्या तापमानालाच पसरून काचेवर 15.7 आणि प्लास्टिकवर 10.2 टक्के गाठले. भट्टी वगळूनही चांगला सेल होतो, हे त्यामुळे ठळकपणे दिसले.

झिंक ऑक्साइडमध्ये मात्र एक खोट आहे. त्याचा पृष्ठभाग अल्कधर्मी असतो. पेरोव्स्काइट तापवताना तो मिथिलअमोनियम आयनातला प्रोटॉन ओढून घेतो. त्यातून मिथिलअमाइन वायू सुटतो आणि काळ्या थराखाली पिवळे लेड आयोडाइड उरते. थर तयार होतानाच तळातून बिघडू लागतो.

म्हणून 2015 नंतर टिन ऑक्साइड, म्हणजे कथिलाचे ऑक्साइड, मागून येऊन पुढे गेले. ते पेरोव्स्काइटशी सहसा भांडत नाही, अधिक पारदर्शक असते आणि इलेक्ट्रॉन वेगाने नेते. त्याच्या नॅनोकणांचे द्रावण बाजारात तयार मिळते आणि 100 ते 150 अंशांत वाळवून चालते. कणांवर चिकटलेले सेंद्रिय अवशेष घालवायला अतिनील प्रकाश आणि ओझोन किंवा प्लाझ्मा वापरतात. उष्णतेचे पहिले काम असे दुसऱ्याकडे सोपवले जाते.

दुसरी वाट थरांचा क्रम उलटा करण्याची आहे. तळाशी होल-वाहक थर आणि पेरोव्स्काइटच्या वर इलेक्ट्रॉन-वाहक थर ठेवला, तर इलेक्ट्रॉनसाठी फुलरीन हा कार्बनचा रेणू वापरता येतो. त्याला भाजावेच लागत नाही. निर्वातात त्याची वाफ करून थर बसवतात. तळाच्या होल-वाहक थरासाठी अलीकडे एका रेणूएवढ्या जाडीचे थर वापरात आले आहेत. या रेणूंचे फॉस्फॉनिक आम्ल असलेले टोक ऑक्साइडला घट्ट धरते आणि दुसरे टोक पेरोव्स्काइटकडे राहते. रेणू आपोआप शेजारीशेजारी उभे राहतात आणि त्यासाठी शंभर अंश पुरतात.

पेरोव्स्काइट कसे धरते?

प्रयोगशाळेत हा थर तयार होताना डोळ्यांनी पाहता येतो. लेड आयोडाइड आणि मिथिलअमोनियम आयोडाइड यांचे पिवळे द्रावण फिल्मच्या तुकड्यावर टाकतात आणि तुकडा मिनिटाला काही हजार फेऱ्यांनी फिरवतात. जादा द्रावण कडेने उडून जाते आणि ओला, जवळजवळ पारदर्शक पिवळा थर राहतो. फिरणे चालू असतानाच, ठरलेल्या सेकंदाला, त्यावर क्लोरोबेन्झीनसारखा दुसरा द्रव एका झटक्यात सोडतात. हा द्रव मूळ द्रावकात मिसळतो, पण पेरोव्स्काइटचे क्षार त्यात विरघळत नाहीत. नंतर तुकडा शंभर अंशांच्या तव्यावर ठेवला की काही सेकंदांत रंग तपकिरी आणि मग आरशासारखा चकचकीत काळा होतो. द्रव सोडायला काही सेकंद उशीर झाला तर तोच थर दुधाळ, भुरकट निघतो.

असे का होते, ते साखरेच्या पाकावरून कळते. घट्ट पाक न हलवता सावकाश निवू दिला, तर दोऱ्याभोवती खडीसाखरेचे मोजकेच मोठे खडे धरतात आणि मधे मोकळी जागा राहते. तोच पाक योग्य क्षणी घोटला, तर असंख्य ठिकाणी एकाच वेळी कण धरतात आणि वडी सलग, बारीक कणांची बसते. पेरोव्स्काइटच्या थरालाही वडीसारखा सलगपणा हवा असतो. दुसरा द्रव टाकल्याने क्षारांना द्रावणात राहणे अशक्य होते आणि सगळीकडे एकदम स्फटिकबीजे पडतात.

बीजे पडल्यावर पुढची वाढ मात्र सावकाश व्हावी लागते, नाहीतर कण फारच बारीक राहतात. यासाठी मूळ द्रावकात डायमिथिल सल्फॉक्साइड मिसळतात. त्याचे रेणू लेड आयोडाइडला धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात. त्या अवधीत आयोडाइड आणि सेंद्रिय आयन आपली जागा घेतात. तव्याच्या उष्णतेचे काम मुख्यतः हे धरून बसलेले रेणू घालवण्याचे राहते.

याहून कमी उष्णतेत काम भागवण्याचे आणखी मार्ग आहेत. ॲसिटोनायट्राइलसारखा 82 अंशांना उकळणारा द्रावक घेतला तर तो लवकर उडतो. ओला थर काही सेकंद निर्वातात ठेवला किंवा त्यावर कोरड्या वायूचा झोत सोडला, तर द्रावक उष्णतेशिवाय निघून जातो.

फॉर्मअमिडिनियमवर आधारलेले पेरोव्स्काइट सूर्यप्रकाशाचा अधिक भाग शोषते आणि उष्णतेतही अधिक टिकते, पण त्याचे उपयोगी काळे रूप मिळवायला सुमारे 150 अंश लागतात. खोलीच्या तापमानाला ते पिवळ्या, निरुपयोगी रूपाकडे झुकते. त्यात थोडे सिझियम आणि ब्रोमीन मिसळले की पोकळीत बसणाऱ्या आयनांचा सरासरी आकार रचनेला जुळतो आणि काळे रूप कमी उष्णतेत स्थिरावते. मिथिलअमोनियम क्लोराइड घातल्यासही काळे रूप लवकर येते. क्लोराइडचा बराचसा भाग स्फटिक जुळवून देऊन नंतर उडून जातो.

उष्णता टाळताच येत नसेल, तर ती फार थोडा वेळ देणे हाही उपाय आहे. झेनॉनच्या दिव्याचा लखलखाट काही मिलिसेकंद पाडला, तर गडद थर तो शोषून तापतो आणि पारदर्शक प्लास्टिकमधून प्रकाश आरपार जातो. एका मिलिसेकंदात उष्णता प्लास्टिकमध्ये साधारण 10 मायक्रॉनच शिरते. म्हणून 125 मायक्रॉनची फिल्म जवळजवळ थंडच राहते.

चौकट : कशाला किती अंश?

- सिलिकॉन वितळवणे : 1,414
- टायटॅनियम डायऑक्साइडचा लगदा भाजणे : 450 ते 500
- सिझियम लेड आयोडाइडचे काळे रूप : 300 च्या वर
- फॉर्मअमिडिनियम लेड आयोडाइडचे काळे रूप : सुमारे 150
- टिन ऑक्साइडच्या नॅनोकणांचा थर : 100 ते 150
- मिथिलअमोनियम लेड आयोडाइड : सुमारे 100
- झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांचा थर : खोलीचे तापमान
- आधाराची मर्यादा : साधे पेट सुमारे 120, पेन सुमारे 150

कमी उष्णतेचा लाभ आणि तिची किंमत

प्लास्टिक वाचवण्याच्या खटपटीतून आणखी एक लाभ हाती आला. तापल्यावर पेरोव्स्काइट काचेच्या कितीतरी पट प्रसरण पावते. शंभर-दीडशे अंशांना जुळलेला थर थंड होताना आकसू पाहतो, पण खालची काच त्याला आकसू देत नाही. थर कायमचा ताणलेला राहतो. अशा ताणलेल्या स्फटिकातून आयन सहज सरकतात आणि प्रकाशात व उष्णतेत तो लवकर बिघडतो. थर कमी तापमानाला जुळवला तर थंड होण्याचा टप्पा लहान होतो आणि साठलेला ताणही कमी राहतो. प्लास्टिक स्वतः काचेपेक्षा अधिक प्रसरण पावत असल्याने दोघांमधला फरकही थोडा घटतो.

किंमतही मोजावी लागते. कमी उष्णतेत स्फटिकांचे कण लहान राहतात आणि त्यांच्या सीमा जास्त होतात. द्रावकाचे थोडे रेणू आत अडकून पडतात आणि नंतर सावकाश थर पोखरतात. नॅनोकणांच्या थरात कणाकणांतला सांधा कच्चा राहिल्याने इलेक्ट्रॉन अडखळतात. म्हणून थर झाल्यावर दोष बुजवण्याची पायरी घ्यावी लागते. पृष्ठभागावर काही सेंद्रिय क्षारांचे विरळ द्रावण फिरवतात. त्यांचे रेणू जिथे आयोडीन निघून गेले आहे किंवा शिसे उघडे पडले आहे, तिथे जाऊन बसतात. टिन ऑक्साइड आणि पेरोव्स्काइट यांच्या सांध्यात पोटॅशियमचे क्षार घालूनही दोष कमी होतात. अशा उपायांनी लहान लवचीक सेल आता 25 टक्क्यांच्या आसपास पोहोचले आहेत. काचेवरचे सेल आणि प्लास्टिकवरचे सेल यांतली दरी बरीचशी बुजली आहे.

वाकवण्याचे गणित

फिल्म वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते. बाहेरच्या पृष्ठभागावर किती ताण येतो, ते काढायला जाडीला वाकाच्या त्रिज्येच्या दुपटीने भागावे. 125 मायक्रॉनची फिल्म 5 मिलिमीटर त्रिज्येवर वाकवली तर ताण 1.25 टक्के येतो. इंडियम टिन ऑक्साइड साधारण 1 ते 2 टक्क्यांच्या ताणातच तडकू लागते. म्हणजे एवढ्या वाकाला सेल धोक्याच्या रेषेवर येतो.

त्यातून सुटण्याच्या दोन वाटा याच सूत्रातून दिसतात. पहिली वाट जाडी कमी करण्याची. ऑस्ट्रियातील लिंझ येथील योहानेस केप्लर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये 1.4 मायक्रॉनच्या पेटवर सगळे थर मिळून 3 मायक्रॉन जाडीचा सेल केला. त्याची कार्यक्षमता 12 टक्के होती आणि ग्रॅममागे 23 वॅट वीज मिळत होती. 5 मिलिमीटर त्रिज्येवर अशा सेलमधला ताण टक्क्याच्या अगदी अल्प भागाएवढा राहतो. दुसरी वाट ठिसूळ थर मध्यावर आणण्याची. वाकवलेल्या पट्टीच्या मध्ये एक पातळी अशी असते जी ताणलीही जात नाही आणि दबतही नाही. वरून आधाराएवढ्याच जाडीची संरक्षक फिल्म चिकटवली, तर सेल नेमका त्या पातळीवर येतो.

पेरोव्स्काइटमध्ये तडे प्रामुख्याने कणांच्या सीमांवर जातात. म्हणून द्रावणातच थोडे बहुलक घालतात. ते सीमांवर साठून कणांना लवचीकपणे धरून ठेवते. ठिसूळ ऑक्साइडऐवजी चांदीच्या नॅनोतारांची जाळी किंवा वीजवाहक बहुलकही वापरून पाहिले जाते.

रिळावरून रिळावर

लवचीक आधाराचा खरा फायदा उत्पादनात आहे. वर्तमानपत्राचा कागद छपाईयंत्रातून जातो, त्याच रीतीने फिल्म एका रिळावरून सुटते, तिच्यावर थर चढतात, वाळतात आणि ती दुसऱ्या रिळावर गुंडाळली जाते. इथे कमी तापमानाला आणखी एक अर्थ येतो. फिल्म मिनिटाला एक मीटर सरकत असेल आणि थराला तासभर भाजायचे असेल, तर 60 मीटर लांबीची भट्टी लागेल. म्हणून केवळ कमी अंश पुरत नाहीत, वेळही कमी लागला पाहिजे. फिरत्या तुकड्यावर दुसरा द्रव टाकण्याची युक्ती रिळावर जमत नाही. तिथे बारीक फटीतून द्रावण पसरवतात आणि लगेच वायूच्या झोताने वाळवतात.

जपानमधील सेकिसुई केमिकल ही कंपनी 30 सेंटिमीटर रुंदीच्या रिळावर असे सेल करते. 2025 च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात बसस्थानकाच्या वक्र छपरावर तिच्या फिल्म बसवल्या होत्या. जपानच्या सरकारने 2040 पर्यंत पेरोव्स्काइट सेलपासून सुमारे 20 गिगावॅट क्षमतेचे लक्ष्य ठेवले आहे. डोंगराळ देशात मोकळी जमीन थोडी आहे, हे त्यामागचे एक कारण आहे. पेरोव्स्काइटला लागणारे आयोडीन जपानमध्येच मुबलक मिळते, हे दुसरे. आयोडीनच्या उत्पादनात चिलीनंतर जपानचा क्रमांक लागतो.

पाणी, ऊन आणि शिसे

पेरोव्स्काइट पाण्यात विरघळते आणि प्लास्टिकमधून वाफ आत शिरते. काचेत ही अडचण नसते. साध्या फिल्ममधून दिवसाला चौरस मीटरमागे ग्रॅमच्या हिशेबात वाफ जाते. सेलला मात्र तिचे प्रमाण ग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही कमी लागते. त्यासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे अतिपातळ थर आणि बहुलकाचे थर आलटून पालटून चढवतात. हे वाफरोधक थरही शंभर अंशांच्या आसपासच बसवावे लागतात, कारण खाली प्लास्टिक असते आणि आता तयार सेलही असतो.

बाजारात येणाऱ्या पॅनलला 85 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता यांत 1,000 तास ठेवून पाहतात. शिवाय उणे 40 ते अधिक 85 अंशांदरम्यान 200 वेळा थंड-गरम करतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात तापलेला पत्रा आणि कोकणातला पावसाळा यांचा विचार केला तर या कसोट्या अवाजवी वाटत नाहीत. गुंडाळता येणाऱ्या सेलला याशिवाय हजारो वेळा वाकवूनही पाहावे लागते.

शिशाचे प्रमाण मोजता येते. अर्ध्या मायक्रॉन जाडीच्या थरात चौरस मीटरमागे सुमारे 0.7 ग्रॅम शिसे असते. प्रमाण थोडे असले तरी ते पाण्यात विरघळणाऱ्या रूपात असते. म्हणून फाटलेल्या फिल्ममधून ते झिरपू नये यासाठी आवरणातच शिशाला धरून ठेवणारे पदार्थ घालतात. वापर संपल्यावर फिल्म परत गोळा करण्याची व्यवस्था उत्पादनाबरोबरच उभी करावी लागेल.

प्लास्टिकच्या पलीकडे

कमी तापमानाच्या या पद्धती प्लास्टिकसाठी शोधल्या गेल्या, पण त्यांचा उपयोग सिलिकॉनवरही होतो आहे. सिलिकॉनच्या सेलवर पेरोव्स्काइटचा थर चढवला, तर वरचा थर निळा-हिरवा प्रकाश घेतो आणि खालचा लाल-अवरक्त. एकट्या सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादा 29.4 टक्के आहे. जोडसेलने 34 टक्के ओलांडले आहेत. या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या सिलिकॉन सेलमध्ये अस्फटिकी सिलिकॉनचे नाजूक थर असतात आणि ते सुमारे 200 अंशांपलीकडे बिघडतात. म्हणजे त्यांनाही 500 अंशांची भट्टी चालत नाही. टिन ऑक्साइडचे नॅनोकण, वाफेने बसवलेले फुलरीन आणि एकरेणवी थर तिथेही कामी येतात. 2010 मध्ये स्थापन झालेल्या आयआयटी मुंबईच्या राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन व शिक्षण केंद्राशी जोडलेले संशोधकही अशा जोडसेलवर काम करतात.

लवचीक सेलपुढचे उरलेले काम स्पष्ट आहे. चौरस सेंटिमीटरहून लहान तुकड्यावर मिळालेली कार्यक्षमता मीटरभर रुंदीच्या रिळावर टिकवायची, थर वाळवण्याचा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर आणायचा आणि वाफरोधक फिल्म स्वस्त करायची. ही तिन्ही कामे प्लास्टिकला सोसेल एवढ्याच उष्णतेत करायची आहेत.